उडीद, ज्वारी आणि पत्र्याचं नरसाळं

त्या दिवशी जळगावात, मोतीशेठच्या प्लास्टिकच्या चटईच्या कारखान्यामागं, उघड्या अंगणात, आम्ही सात जण होतो. मोतीशेठ स्वतः, खुर्चीवर. प्लास्टिक घोटायच्या रोलच्या मशीनवर काम करणारा हमीदभाई. राखणीला असायचे ते उखर्डूआबा. रामदास, ज्याचा उजवा हात भाजून कोपरात आखडलेला होता. त्याची आई गिरजाबाई. मी. आणि सर. मोजून सांगते, कारण नंतर आमच्या गल्लीत दहा जण म्हणत फिरले, आम्ही पण होतो. नव्हते. सातच होते.

सरांचं नाव सांगत नाही. ते म्हणायचे, "नाव डब्यावर लिहायचं असतं, बाई. माणसावर कशाला?"

सर मूळचे धुळ्याचे. तिथं कॉलेजात शिकवत होते, कुणाशी तरी बिनसलं, सोडून दिलं. मोतीशेठनं त्यांना कारखान्यामागची एक खोली दिली. शेठला नव्या कॅनसाठी पाहिजे होतं असं काळं प्लास्टिक, की ज्याच्यातून वीज वाहून जाईल. प्लास्टिकातून वीज जात नाही हे मलाही माहीत होतं, बटणं त्याचीच असतात. पण सर म्हणत, त्याच्यात काजळी घातली की जाते. बरोबर तेवढी घातली पाहिजे. कमी पडली तर जात नाही, जास्त झाली तर प्लास्टिक पापडासारखं मोडतं. मग बरोबर म्हणजे किती? त्या एवढ्याशा 'किती'साठी हा माणूस तीन वर्षं त्या खोलीत बसला.

खोलीत शिरायच्या आधी सर दाराच्या लोखंडी चौकटीला किल्ली टेकवायचे, मग हात टेकवायचे, मग आत यायचे. रोज. मी समजले, देवभोळा माणूस आहे, उंबऱ्याला नमस्कार करतो. मी पण करायला लागले. आठ दिवसांनी त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही कशाला करता?" मी म्हटलं, "तुमचा देव तो माझा देव." ते म्हणाले, "देव नाही, अंगात साठलेली वीज उतरवतो. पण करा तुम्ही, चांगली सवय आहे."

अंगात सुती कपडा. सदरा मुळात पांढरा असेल, मी पाहिला तेव्हापासून करडाच. नाकाच्या शेंड्याला कायम काजळी. हमीदभाई टेरिकॉटचा शर्ट घालून आला की ओरडायचे, "अंगावर काडेपेटी घालून आलास!" हमीदभाई माझ्याकडं बघून म्हणायचा, "सर का स्क्रू ढीला है, अक्का. पर माणूस सोन्यासारखा."

शनिवारी सर एसटीनं धुळ्याला आईकडं जायचे. झोळीत त्या प्लास्टिकच्या काळ्या चकत्या, हाताएवढ्या गोल, प्रत्येकीवर खडूनं नंबर. पारोळ्याला एक म्हातारी चढली म्हणे, शेजारी बसली, झोळीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "पापड जळनात का रे भाऊ?" सर हे आम्हाला सांगत आणि स्वतः मात्र हसत नसत. म्हणत, "बरोबरच विचारलं तिनं. जळालेलेच होते."

मला कामाला घेतलं तेव्हा एकच विचारलं. "धान्य निवडता येतं का?"

मला वाटलं, थट्टा करतात. बाईमाणसाला हे कोणी विचारतं का? पण काम तेच होतं. एक चौकोनी ट्रे, तळाला पुठ्ठा. त्यात ज्वारी आणि काळा उडीद मिसळून एकच थर पसरायचा. ट्रे हलवायचा. मग केरसुणीची एक काडी घेऊन बघायचं, या कडेच्या उडदाला धरून, उडदाला उडीद लागत लागत, पार त्या कडेला जाता येतं का. मधे ज्वारी आडवी आली तर वाट तुटली.

सर विचारायचे, "मिळाली वाट?"

मी सांगायची, "नाही. इथं चार बोटांवर तुटली."

ते चौकटीच्या कागदावर लिहून घ्यायचे. मग आणखी मूठभर उडीद. परत हलवायचं. परत काडी. माझी नजर त्यांच्यापेक्षा पक्की होती, हे त्यांनीच कबूल केलं. एक गोष्ट मला तेव्हा कळली, ती मी अजून विसरले नाही. मुठीमागून मूठ घाला, काही होत नाही. नुसती बेटं बेटं. आणि मग एक मूठ अशी येते की एकदम चारी बाजूंनी रस्ते उघडतात. ट्रेमध्ये निम्मे उडीद लागायचे. पण सर म्हणत, खोल डब्यात एवढे लागत नाहीत. वरून खालून पण वाट काढता येते ना. त्यासाठी त्यांनी काचेच्या बरणीत सायकलचे छर्रे आणि त्याच मापाचे काचेचे मणी भरले होते, खाली बॅटरी, वर बल्ब. छर्रे वाढवत न्यायचे. बल्ब बंद, बंद, बंद, आणि मग चार छर्ऱ्यांनी लागायचा.

दुपारून सगळं परत निवडायचं, काळं एकीकडं, पांढरं एकीकडं. दुसऱ्या दिवशी परत मिसळायचं. गल्लीतल्या बाया विचारत, "काय काम करतेस गं?" मी काय सांगणार? सकाळी मिसळते आणि संध्याकाळी निवडते म्हटलं तर वेडी म्हणाल्या असत्या. मी सांगायची, "साफसफाई."

सर म्हणायचे, "बाई, एकटा दाणा काही कामाचा नाही. त्याला शेजारी पाहिजे."

मी म्हटलं, "शेजारी पाहायचे असतील तर सकाळी आमच्या नळावर या."

ते नळाचं आता सांगते. सुमन, माझी पोरगी, चार वर्षांची होती तेव्हा तिचे बाबा गेले. ते दुसऱ्या एका शेडमध्ये होते, प्लास्टिकच्या पिशव्यांवर छपाई चालायची तिथं. रंगाचे रोल थिनरनं धुवायचे. वैशाख होता, पत्र्याचं छप्पर. ते ड्रममधून कॅनमध्ये थिनर भरत होते, रामदास पलीकडं उभा होता. भडका झाला. रामदासचा हात गेला, यांचं सगळंच गेलं. तीन दिवस सिव्हिलमध्ये होते.

मालकानं सांगितलं, यानं बिडी पेटवली. शेडच्या बाहेर एक थोटुकही सापडलं. सुमनचे बाबा बिडी ओढायचे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मग कोण वेगळं म्हणणार? मालक शेड विकून निघून गेला, बिडी मागं राहिली.

गिरजाबाई आमच्याच गल्लीतली. नळावर माझी कळशी पायानं सरकवायची. म्हणायची, "तुन्हा दादलानी बिडीनी मन्हा पोरना हात खादा." मी कळशी उचलून मागं जायची. भांडू कशी? मला पण तसंच वाटत होतं.

हेच मी कोणाला सांगितलं नव्हतं. सिव्हिलमध्ये दुसऱ्या दिवशी त्यांना शुद्ध होती. मी वाकून विचारलं होतं, "बिडी पेटवली होती का हो?" त्यांनी मान हलवली, नाही. दोनदा हलवली. मी विश्वास ठेवला नाही. ते माझ्या तोंडाकडं बघत होते, त्यांना कळलं की मी विश्वास ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी गेले.

आठ वर्षं मी त्यांच्यावर राग धरून होते. सुमन शाळेतून रडत यायची, पोरी तिला बिडीवाल्याची म्हणत. मी तिला जेवायला वाढायची आणि मनात त्यांना शिव्या द्यायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे पितरांची घागर भरतात, मीही भरायची. सांजोरी ठेवायची, आमरस ठेवायची. ज्याच्या घरचा माणूस बिडी-तंबाखूचा शौकी होता, ते घागरीपाशी बिडी पण ठेवतात. मी कधी ठेवली नाही. म्हणायची, तुम्ही जितकी ओढली तितकी पुरे.

असो. सरांचं सांगत होते.

दाण्यांचं गणित बसलं, पण प्लास्टिक ऐकेना. गणितात जेवढी काजळी येत होती तेवढी घातली, त्याहून जास्त घातली, पण वीज मोजायच्या मीटरची सुई काही उठत नव्हती. सर हमीदभाईच्या मागं उभे राहून म्हणायचे, "अजून मिसळ. नीट मिसळलं नाही." हमीदभाई रोलवर तासन् तास घोटायचा. मोतीशेठचा धीर सुटत चालला होता. एक दिवस दारात उभा राहून म्हणाला, "सर, इज्जत आहे तुमची, पण आखाजीनंतर खोली रिकामी करून द्या." म्हणजे माझंही काम गेलंच.

तेवढ्यात सरांची आई आजारी पडली, ते आठ दिवस धुळ्याला गेले. खोलीत धान्याचे डबे. एकाला सोंडेकिडे लागले होते. मी पाहिलं, उडीद आणि ज्वारी, चांगली मिसळलेली. आमच्या खान्देशातल्या बाईला उडीद आणि ज्वारी एकत्र दिसली की एकच सुचतं, कळण्याची भाकरी. वाया कशाला घालवायचं? मी चाळून, पाखडून चक्कीवर नेलं. अर्धं दळून झालं आणि वीज गेली. उरलेलं घरी आणून जात्यावर भरडलं. दोन पिठं, दोन तऱ्हेच्या भाकरी.

सर परत आले. डबे मोजले.

"बाई, नऊ नंबरचा डबा कुठाय?"

मी फडकं सोडलं. आत भाकरी होत्या, मिरचीचा ठेचा होता. म्हटलं, "हा काय."

तो डबा त्यांनी महिनाभर मोजून मोजून केलेला होता, हे मला नंतर कळलं. सर खाली बसले आणि खायला लागले. माणूस धुळ्याहून उपाशी आला होता. एक घास या भाकरीचा, एक त्या भाकरीचा. मग थांबले. दोन्ही भाकरी उजेडात धरल्या.

"एकाच डब्यातलं आहे?"

"एकाच."

"मग हिच्यात काळं दिसतं, हिच्यात का नाही?"

"ही भरडलेली. ती चक्कीवरची, बारीक."

"पण काळं गेलं कुठं?"

मला वाटलं, याला काय सांगावं. म्हटलं, "कुठं जाईल सर? त्यातच आहे. फार बारीक केलं की सगळं एकसारखं करडं होतं. काळ्याला काळं लागून राहत नाही."

भाकरी तोंडात तशीच. सर उठले, हात न धुता पळाले. चौकटीला किल्लीसुद्धा टेकवली नाही. रोलवर जाऊन म्हणाले, "हमीद, आजपासून कमी मिसळायचं!"

हमीदभाई म्हणाला, "या अल्ला! तुमच तो बोले, और घुमाव, और घुमाव! सहा महिने माझे खांदे गेले!"

सर मला नंतर सांगत होते की काजळीची कणी केसाच्या जाडीत हजारदा मावेल इतकी बारीक असते, पण त्या कण्या एकमेकींचे हात धरून साखळीत बसतात. आम्ही इतकं घोटत होतो की हात सुटत होते. गणितात दाणे मोजले होते, हात मोजले नव्हते. त्या आठवड्यात पहिल्यांदा सुई उठली. सर मीटरसमोर मांडी घालून बसले आणि सुईकडं असं बघत राहिले जसं तापातून उठलेल्या लेकराकडं बघतात. मोतीशेठनं खोलीचं नाव काढलं नाही परत.

चैत्र संपत आला होता. हाताची काजळी निघेना म्हणून मी ड्रममधून थोडं थिनर काढत होते. प्लास्टिकचा कॅन, त्याच्या तोंडात पत्र्याचं नरसाळं, वरून प्लास्टिकची नळी. सर दारातून आले ते धावतच आले आणि माझ्या हातातली नळी ओढून ड्रमचा नळ बंद केला. मला कधी अरेतुरे केलं नव्हतं, त्या दिवशी केलं. "मरायचंय का तुला?"

मग स्वतःच ओशाळले. म्हणाले, "थिनर नळीतून वाहतं, घासतं, वीज तयार होते. पत्र्याच्या नरसाळ्यात साठते. कॅन प्लास्टिकचा, खाली उतरू देत नाही. मग उडी मारते. ठिणगी पडते. कोरडी हवा असली की फार."

मी ड्रमला टेकून खाली बसले. विचारलं, "वैशाख असला तर?"

"मग तर जास्तच."

"पत्र्याचं छप्पर, गरम हवा. थिनरच. नरसाळं पत्र्याचं, कॅन पांढरा प्लास्टिकचा."

"हो. अगदी तेच."

"आणि बिडी नसली तरी?"

"बिडीचा काय संबंध?"

त्या माणसानं ते सहज म्हटलं. बिडीचा काय संबंध. मी आठ वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगितलं, सिव्हिलमधलं सुद्धा. सर ऐकत होते. मधे एकदा उठले, चौकटीला हात लावून आले, परत बसले. शेवटी एवढंच विचारलं, "शेठला काळ्या प्लास्टिकचा नवीन कॅन दाखवायचाच आहे. तुमच्याकडून कोणाला बोलवायचं?"

मी म्हटलं, "रामदासला. आणि त्याच्या आईला."

तो दिवस ठरला आखाजीच्या तीन दिवस आधी. मी पहाटेच गेले. शेठ येणार, पाहुणे येणार म्हणून अंगण झाडलं, सडा टाकला, कॅन आणि नळ्या धुऊन लख्ख केल्या.

सरांनी सगळ्यांचे खिसे रिकामे करायला लावले. बिड्या, काड्या, शेठचं लायटर, सगळं उखर्डूआबांनी एका डब्यात घालून फाटकापाशी नेऊन ठेवलं. मग सरांनी पांढरा कॅन मांडला, त्यात पत्र्याचं नरसाळं. जवळ जमिनीत ठोकलेली लोखंडी सळई, नरसाळ्यापासून नखभर अंतरावर. तिथं थिनरमध्ये भिजवलेला बोळा. नळीतून थिनर नाही, प्लास्टिकचे कोरडे दाणे सोडायचे होते, धोका नको म्हणून. आम्हाला लांब बसवलं. उखर्डूआबा वाळूची बादली घेऊन उभे.

सरांनी दाणे सोडले. खळखळ आवाज झाला. बाकी काही नाही.

परत सोडले. काही नाही.

मोतीशेठनं घड्याळ पाहिलं. गिरजाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बिडी लागस त्याले. बिडीबिगर काय पेटी?"

मी जमिनीकडं बघत होते. वाटलं, संपलं. सर पण खाली बघत होते. मग वाकून त्यांनी नळीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं.

"हे ओलं कोणी केलं?"

"मी, सर. धुतलं. पाहुणे येणार म्हणून."

सर हसले. मोठ्यानं हसले, तीन वर्षांत तेवढेच. "बाई, तुम्ही त्या विजेला उतरायला घाट बांधून दिला!" आणि शेठला म्हणाले, "थांबायचं. ऊन वाळवेल."

शेठ उठायला लागला. तेव्हा गिरजाबाईनंच हात आडवा केला. "बसा बठ्ठा. उनूत ते देखीसन जासूत." आलोच आहोत तर बघूनच जाऊ म्हणाली; तिला बघायचं होतं की काही होत नाही. तिच्यामुळं सगळे बसले.

जळगावचं वैशाखाच्या तोंडावरचं ऊन. अर्ध्या तासात सगळं खडखडीत झालं. सरांनी नळी फडक्यानं पुसली आणि दाणे सोडले.

चट्. बारीक आवाज, निळी रेघ, आणि बोळा पेटला.

मी आगीकडं बघत नव्हते, रामदासकडं बघत होते. तो उभा राहिला होता. आखडलेला हात तोंडासमोर आला होता, आपोआप.

"अक्का," तो म्हणाला, "आसंच व्हयनं व्हतं. नरसाळापाशी. चट् वाजनं व्हतं." आणि आईकडं वळून, "माय, त्याना दोन्ही हात कॅनले व्हतात. बिडी कोणता हातमा धरी तो?"

आठ वर्षं त्याला कोणी विचारलंच नव्हतं, की हात कुठं होते.

उखर्डूआबांनी वाळू टाकली. सरांनी आता काळा कॅन मांडला, सरांचं आणि हमीदभाईचं, वीज खाली उतरू देणारं काळं प्लास्टिक. तेच नरसाळं, तसाच नवा बोळा, काळी नळी. दाणे सोडले. काही नाही. परत सोडले. मग सरांनी शेठला नाही, गिरजाबाईला विचारलं, "आजी, किती वेळा सोडू?"

ती म्हणाली, "पुरे."

दुसऱ्या दिवशी नळावर ती माझ्या आधी आलेली होती. तिनं आपली कळशी उचलून बाजूला ठेवली. "पहिले तू भर," म्हणाली. मी भरली. सुमनला त्यानंतर कोणी काही म्हटलं नाही, नळावरून सगळीकडं जातं.

सर पुढच्या वर्षी धुळ्याला गेले, आईपाशी. मोतीशेठनं थोडे दिवस काळे कॅन काढले, मग परत चटयांवरच आला. सरांना त्याचं काही वाटलं नाही, त्यांना त्यांचा 'किती' मिळाला होता. मी त्यांना एकदाच पाहिलं नंतर, धुळ्याच्या स्टँडवर. गाडीत चढायच्या आधी दांडीला किल्ली टेकवत होते. मागची माणसं ढकलत होती, कंडक्टर ओरडत होता. मी हाक मारली नाही. मी पण माझ्या गाडीच्या दांडीला हात टेकवला आणि चढले.

ती ठिणगी पाहिली त्याच वर्षी, तीन दिवसांनी आलेल्या आखाजीला मी घागर भरली. सांजोरी ठेवली, आमरस ठेवला. मग दुकानावर जाऊन बिडीचं एक आख्खं बंडल आणलं, सुमनच्या बाबांच्याच छापाचं, आणि घागरीपाशी ठेवलं. म्हटलं, "ओढा आता. मी विचारत नाही." त्या दिवशी दुपारी मी जमिनीवरच आडवी झाले आणि अशी झोपले की सुमननं दिवेलागणीला हलवून उठवलं.

आता घरोघरी गाड्या आहेत, घरोघरी प्लास्टिकचे कॅन आहेत. माझी वाचणाऱ्याला एकच विनंती आहे. पेट्रोल असो, थिनर असो, प्लास्टिकच्या कॅनवर पत्र्याचं नरसाळं ठेवून भरू नका.